नरक्या, हळद आणि केमोची बाटली



संयोजकांनी दिलेल्या विषयाचं नाव भारदस्त आहे: ‘मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केमोथेरपीला वनस्पतिजन्य रसायनांची जोड’. पण तुमच्यातले बरेच जण मनात जो प्रश्न घेऊन आलेत तो एवढा लांब नाही. केमो चालू असताना हळदीच्या गोळ्या, गुळवेल, एखादा काढा घेतला तर चालतो का? घरात असा रुग्ण असला की शेजारी, पाहुणे, मोबाइलवरचे मेसेज, सगळे हेच विचारतात आणि उत्तरही तेच देऊन टाकतात. नैसर्गिक आहे ना, मग घ्या! अपाय तर काही नाही ना!

अपाय नाही? आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

सुरुवात दुसऱ्या कुठल्या गावापासून करायची गरज नाही. १९२५ साली याच नंदुरबारात मनसुख वाणी जन्मले. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकले, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे उत्तर कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं. २०२० साली ते गेले. त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे, म्हणून हात वर करायला मी सांगत नाही. मुंबई-पुण्यात विचारलं असतं तरी फारसे हात वर झाले नसते.

या दोघांनी झाडांतून कर्करोगाची दोन औषधं जगाला दिली. एक टॅक्सॉल, १९७१ साली जाहीर झालं. दुसरं त्याच्या आधीचं, १९६६ सालचं, कॅम्प्टोथेसिन. आज आपल्याला दुसऱ्याशी काम आहे, कारण आतड्याच्या कर्करोगाची केमो त्याच्या वंशातली आहे.

कॅम्प्टोथेसिन मिळालं ते एका चिनी झाडातून. वॉल त्याआधी अमेरिकी शेतीखात्यात होते. तिथं हजारो वनस्पतींचे अर्क तपासले जात होते, ते कॉर्टिसोनसारखी संप्रेरकं बनवायला कच्चा माल मिळतो का हे पाहण्यासाठी. कर्करोग कुणाच्या डोक्यातही नव्हता. त्यातले काही अर्क कर्करोगाच्या चाचणीला गेले आणि या झाडाचा अर्क इतरांहून ठळक निघाला. मग वॉल आणि वाणींनी त्यातून नेमका रेणू वेगळा काढला. रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर तो फार परिणामकारक ठरला.

आता नीट ऐका. हा रेणू शंभर टक्के नैसर्गिक. झाडातून निघालेला, जसाच्या तसा. तो पाण्यात विरघळत नव्हता, म्हणून त्याचा सोडियमचा क्षार करून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माणसांना टोचला. काय झालं? क्षार करताना रेणूतलं एक कडं उघडलं आणि त्याची ताकद गेली. लघवीच्या आम्लात ते कडं पुन्हा मिटायचं, औषध पुन्हा जिवंत व्हायचं, पण मूत्राशयात. रुग्णांना लघवीतून रक्त जाऊ लागलं, पांढऱ्या पेशी घसरल्या, जुलाब लागले. चाचण्या थांबवल्या. नंदुरबारच्या माणसाचा शोध दहा-बारा वर्षं कपाटात पडून राहिला.

थोडं विषयांतर करतो, पण ते आपल्या सह्याद्रीतलं आहे. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिलं की हाच रेणू पश्चिम घाटातल्या एका झाडातही आहे, आणि चांगल्या प्रमाणात आहे. ते झाड म्हणजे नरक्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर सगळे ओळखतात, कारण त्याचा वास! ज्या झाडाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं त्याची पुढे इतकी तोड झाली की वनखात्याला नरक्याच्या लाकडाचे चोरटे साठे पकडावे लागले. त्या लाकडाचा भुसा उकळून कुणी काढा प्यायला असता तर? त्याचा कर्करोग बरा झाला नसता. तो स्वतःच रुग्णालयात भरती झाला असता.

मग या विषाचं औषध झालं कसं? दोन गोष्टी घडल्या. जपानमध्ये याकुल्ट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी, हो, दह्यासारखं पेय बनवणारी तीच याकुल्ट, या रेणूला एक शेपूट जोडलं. त्यामुळे तो कडं न उघडता पाण्यात विरघळू लागला. त्याचं नाव इरिनोटेकान. आणि १९८५ साली मूळ रेणू पेशीत नेमकं काय करतो हे कळलं. आपल्या पेशीतला डीएनए हा सुताच्या पिळासारखा असतो. पेशी दुभंगताना तो पीळ सैल करावा लागतो, आणि ते काम टोपोआयसोमरेज नावाचं एक विकर करतं: एक धागा कापतं, पीळ सोडवतं, पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन या विकराला कापल्यानंतर, जोडण्याआधी अडकवून ठेवतं. धागा तुटलेलाच राहतो. सतत दुभंगणारी कर्करोगाची पेशी त्यानं मरते. १९९४ साली जपानमध्ये आणि १९९६ साली अमेरिकेत इरिनोटेकानला परवानगी मिळाली. अमेरिकेतली परवानगी आतड्याच्या कर्करोगासाठीच होती.

तेव्हा ‘केमो म्हणजे रसायन आणि झाडपाला म्हणजे निसर्ग’ ही फाळणी पहिल्यांदा मनातून काढून टाका. सलाईनच्या बाटलीतलं ते औषध झाडाचंच आहे. गंमत पुढेच आहे. इरिनोटेकान दिल्यावर काही रुग्णांना लगेच घाम फुटतो, पोटात कळा येतात, जुलाब होतात. त्यावर काय देतात? अ‍ॅट्रोपिन. ते धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींमधून आलं. याच केमोत ५-एफयू नावाचं औषध असतं, ते कारखान्यातलं, १९५७ साली अमेरिकेत शोधलेलं. त्याचा जोर वाढवायला ल्युकोव्होरिन देतात. ते फोलिक आम्लाच्या घरातलं, आणि फोलिक आम्ल १९४१ साली मिळवलं गेलं ते कित्येक टन पालकाच्या पानांतून. म्हणजे वनस्पतिजन्य रसायनं आणि केमो यांची जोड घालावी का, असं आपण विचारतो आहोत, आणि ती जोड आतड्याच्या कर्करोगाच्या वॉर्डात रोज चालू आहे! फरक एवढाच की तिथं प्रत्येक घटकाचा डोस मिलिग्रॅममध्ये ठरलेला आहे, आणि कुठला घटक कुणाबरोबर कसा वागतो ते मोजलेलं आहे.

आता पुढचा मुद्दा, आणि यावर मी जास्त वेळ घेणार आहे. वनस्पतीतलं रसायन केमोसोबत घेतलं म्हणजे काय केलं? आपण शरीरात आणखी एक औषध घातलं. डॉक्टरांनी लिहून न दिलेलं, डोस न ठरलेलं औषध. ते पहिल्या औषधाला काय करेल?

एक उदाहरण देतो. युरोपात पिवळ्या फुलांची एक वनस्पती आहे, सेंट जॉन्स वर्ट. उदासीनतेवर तिच्या गोळ्या लोक सर्रास घेतात. २००२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी इरिनोटेकान चालू असलेल्या पाच रुग्णांना ती दिली आणि रक्त तपासलं. इरिनोटेकानचं शरीरात जे खरं मारक रूप तयार होतं ते ४२ टक्क्यांनी घटलं. ४२ टक्के! रुग्णाला हे कळलं असतं का? नाही. उलट त्रास कमी झाला असता, तो म्हणाला असता, ‘झाडपाल्यानं बरं वाटतंय.’ बरं वाटलं असतं ते केमो कमी पडत होती म्हणून. यकृतातली विकरं त्या वनस्पतीनं जागी केली होती आणि ती औषध बाहेर फेकून देत होती.

दुसरं टोक बघा. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं जात नाही, ही सगळ्या संशोधकांची जुनी तक्रार. १९९८ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी त्याला मिरीतलं पायपेरिन जोडलं आणि माणसाच्या रक्तातलं कर्क्युमिन वीसपट वाढलं. आज बाजारातल्या हळदीच्या कॅप्सूलवर ‘मिरीच्या अर्कासह’ असं अभिमानानं छापलेलं असतं ते यामुळे. पण पायपेरिननं हे साधलं कसं? आतड्यातली आणि यकृतातली जी विकरं परकी रसायनं निकामी करतात त्यांना त्यानं गप्प बसवलं. ती विकरं फक्त हळदीसाठी नसतात. इरिनोटेकानची विल्हेवाटही तीच लावतात. म्हणजे एका कॅप्सूलनं औषध उणं पडू शकतं, दुसरीनं ते अंगावर येऊ शकतं. आमटीत घातलेल्या मिरीची मला चिंता नाही. वरणातल्या हळदीचीही नाही. डबीतल्या गोळीची आहे.

आणि साधी फोलिक आम्लाची गोळी? अशक्तपणावर आपण ती सहज घेतो. तोंडानं घ्यायचं केमोचं औषध कॅपेसिटाबीन चालू असताना तीच गोळी केमोचा त्रास वाढवते: तोंड येणं, जुलाब, हातापायाची सालं निघणं. पालकाच्या भाजीचं नाव घेऊन उद्या कुणी घरात भांडण काढू नका! मी गोळीबद्दल बोलतोय.

यकृत या सगळ्याच्या मध्यभागी बसलेलं आहे. कोरोनाच्या काळात घरोघर गुळवेल उकळली. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वनस्पतीची ओळख चुकली असावी असं म्हटलं. समजा तसं असेल. तर मग हाच प्रश्न उरतो की पुडीत कुठली वेल आहे हे रुग्णाला कसं कळणार? अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांनी यकृत बिघडलेल्या दहा रुग्णांचा अहवाल २०२२ साली आला. त्यातला एक रुग्ण दगावला. करोडो लोक हळद खातात, त्यात दहा म्हणजे फार थोडे, हे मान्य. पण केमोच्या रुग्णाचं यकृत बिघडलं तर केमोच थांबते. थोडक्यांतला तो एक आपला माणूस असू नये, एवढंच.

श्रोतेहो, आतापर्यंत मी एवढंच सांगितलं: केमो झाडातूनही येते, आणि झाडातलं रसायन केमोत ढवळाढवळ करू शकतं. मग जोड देऊन फायदा होऊच शकत नाही का? होऊ शकतो. आणि तो शोधण्याची कामं गंभीरपणे चाललेली आहेत. मी हळदीचा शत्रू नाही.

इरिनोटेकानच्या जुलाबांकडेच परत जाऊ. काही दिवसांनी येणारे जुलाब वेगळ्या कारणानं होतात. यकृत औषधाच्या मारक रूपाला एक साखरेसारखं आम्ल चिकटवून निरुपद्रवी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडून देतं. आतड्यातले जंतू ते आम्ल तोडून खातात आणि मारक रूप पुन्हा मोकळं होतं. आतड्याचं अस्तर भाजून निघतं. येल विद्यापीठातल्या युंग-ची चेंग यांनी यासाठी सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा एक चिनी काढा घेतला. त्यात चार वनस्पती, आणि त्यातल्या दोन आपल्या ओळखीच्या घरातल्या: ज्येष्ठमध आणि बोर. इरिनोटेकान दिलेल्या उंदरांत या काढ्यानं आतड्याचं अस्तर लवकर भरून आलं, आणि केमोचा गाठीवरचा परिणाम कमी झाला नाही. हे २०१० साली प्रसिद्ध झालं.

मला यात आवडलं ते दुसरंच. चेंग यांनी ‘१८०० वर्षं लोक घेतात म्हणजे चांगलंच’ असं म्हटलं नाही. प्रत्येक खेपेला तयार झालेला काढा रासायनिक दृष्ट्या आधीच्या खेपेसारखाच आहे का हे तपासायची पद्धत आधी बसवली. आपल्याकडे एकाच कंपनीच्या दोन डब्यांतलं चूर्ण सारखं असेल याची हमी कोण देतो?

आता हळद. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये या विषयावर वीसेक वर्षं काम चाललंय. तिथल्या लोकांचा तर्क असा: कर्क्युमिन रक्तात जात नाही ना, मग ते आतड्यातच राहतं. आणि आपला रोग तर आतड्याचाच आहे! रुग्णांना गोळ्या देऊन शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्याच्या तुकड्यांत त्यांनी कर्क्युमिन मोजलं, ते सापडलं. पुढे त्यांनी पसरलेला रोग असलेल्या २८ रुग्णांची चाचणी केली. काहींना नुसती फोलफॉक्स ही केमो, काहींना फोलफॉक्स आणि रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन. २०१९ साली निकाल आला. कर्क्युमिननं त्रास वाढला नाही. त्या गटातले रुग्ण जगले ते अधिक काळ, मध्यम आकडा ५०२ दिवस, दुसऱ्या गटात २००.

टाळ्या वाजवायच्या आधी थांबा. २८ रुग्ण. गोळी कुणाला मिळते हे रुग्णालाही माहीत आणि डॉक्टरलाही. रोग वाढायला लागलेला वेळ दोन्ही गटांत पुराव्यानिशी वेगळा ठरला नाही. एवढ्या लहान गटात दोन-चार धडधाकट रुग्ण एका बाजूला पडले तरी आकडे असे हलतात. आणि दोन ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे किती हळद? हळदपुडीत ते साधारण तीन टक्के असतं, म्हणजे रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद. रात्री दुधात चिमूटभर हळद टाकून त्या चाचणीचा हवाला देता येत नाही.

लहान चाचणीवर विसंबलं की काय होतं याची जपानमधली हकीकत ऐका. फोलफॉक्समधल्या ऑक्झॅलिप्लॅटिननं हातापायाला मुंग्या येतात, गार पाण्याला हात लावला तरी झणझणतं, काहींना शर्टाचं बटणही लावता येत नाही. जपानच्या पारंपरिक वैद्यकात गोशाजिंकिगान नावाचं दहा घटकांचं एक औषध आहे. छोट्या चाचण्यांत त्यानं मुंग्या कमी झाल्यासारखं दिसलं. डॉक्टर ते देऊ लागले. मग १८२ रुग्णांची मोठी चाचणी झाली, निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी पुडी. मध्येच हिशेब पाहिला आणि चाचणी थांबवली. खोटी पुडी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांना लक्षणीय त्रास, खरं औषध घेणाऱ्यांत ५१ टक्क्यांना! ज्याच्यासाठी दिलं तेच वाढलं. २०१५ साली जपान्यांनी हे स्वतःच्या परंपरेबद्दल, स्वतःच्या नावानं छापलं. त्यांच्या परंपरेचा अपमान झाला असं मला वाटत नाही. तिच्यावर याहून मोठं प्रेम कसं करायचं, मला सुचत नाही.

उलटी बाजूही आहे. चीनमध्ये सात रुग्णालयांत, आतड्यातली गाठोळी काढून टाकलेल्या हजाराहून जास्त लोकांवर बर्बेरिनची चाचणी झाली. आपल्या दारुहळदीत असतं ते बर्बेरिन. दोन वर्षांत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना पुन्हा गाठोळ्या झाल्या, बर्बेरिन घेणाऱ्यांपैकी ३६ टक्क्यांना. हा कर्करोगाचा इलाज नव्हे, केमोची जोडही नव्हे. कर्करोग होण्याच्या आधीच्या पायरीवरची गोष्ट आहे. पण चाचणी मोठी, खोट्या गोळीशी तुलना केलेली, म्हणून मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

आणि घरचं? मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये द्राक्षात असणारं रेझ्व्हेराट्रॉल आणि किंचितसं तांबं यांच्या जोडीवर काम चालू आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘शंभर रुपयांची कर्करोगाची गोळी’ म्हणून बातम्या आल्या, तुमच्याही मोबाइलवर आल्या असतील. जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांवर केलेल्या त्यांच्या एका लहान चाचणीत उलट्या, जुलाब यांसारखे त्रास कमी दिसले, रक्तपेशींवरचे दुष्परिणाम मात्र कमी झाले नाहीत. संशोधन म्हणून ही चांगली सुरुवात आहे. बातमी म्हणून ती पाच वर्षं आधी छापली गेली.

एका गोष्टीवर मात्र माझ्या मनात काडीचीही शंका नाही, म्हणून झटपट सांगून टाकतो. केमोला जोड हा वादाचा विषय होऊ शकतो, केमोऐवजी हा नाही. येलच्या संशोधकांनी २०१८ साली अमेरिकेतल्या अशा रुग्णांची नोंद तपासली ज्यांनी रोग पसरलेला नसताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले. त्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या अडीचपट होता. आतड्याच्या कर्करोगात तो साडेचारपट होता. आणि हा असा रोग आहे की आतड्यापुरता असताना सापडला तर अमेरिकेत दहांतले नऊ रुग्ण पाच वर्षांनीही हयात असतात. आपल्याकडे उशीर होतो त्याचं एक कारण रस्त्यारस्त्यावर टांगलेलं आहे: ‘मूळव्याध, भगंदर, हमखास इलाज’. शौचातून रक्त गेलं की माणूस त्या पाटीखाली महिनोन्‌महिने पुड्या घेत बसतो. पन्नाशीच्या माणसाला रक्त गेलं, शौचाची सवय बदलली, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलं, तर आधी दुर्बिणीनं आतडं तपासा. मूळव्याध निघाली तर आनंदच आहे.

तर ‘घेतलं तर चालतं का’, याचं उत्तर. स्वयंपाकातली हळद, आलं, मिरी, लसूण खुशाल खा. उमासे येत असतील तर आल्याचा तुकडा चघळायला हरकत नाही. अमेरिकेत पाचशेहून अधिक रुग्णांवर आल्याच्या कॅप्सूल तपासल्या, मळमळ काहीशी कमी झाली. अर्क, कॅप्सूल, चूर्ण, काढा, आसव यांतलं काहीही केमोच्या काळात डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. मग ते वैद्यांनी दिलेलं असो, जाहिरातीतलं असो की प्रेमानं मावशीनं पाठवलेलं असो.

माझी शेवटची विनंती दोन्ही बाजूंना आहे. या सभागृहात डॉक्टर मंडळी बसली आहेत. रुग्ण काढ्याबद्दल सांगत नाही, कारण तुम्ही हसाल किंवा ओरडाल याची त्याला भीती असते. ती भीती तुम्ही काढा. पहिल्याच भेटीत, केसपेपरवर, मधुमेह आणि रक्तदाबाच्या रकान्याखाली लिहा: आणखी काय घेता? आणि रुग्णांच्या नातेवाइकांनो, पुढच्या केमोला जाल तेव्हा घरातल्या सगळ्या डब्या, पुड्या, बाटल्या एका पिशवीत भरून सोबत न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता.